आता तुम्ही सांगा, मी काय सांगितलं

डॉ. शिवानंद हिरेकुडे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी चार पानं लिहून द्या, असं समितीकडून सांगणं आलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. डॉक्टरांवर लिहायला मोठी माणसं आहेत. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेले कितीतरी डॉक्टर आज मोठ्या शहरांत नाव कमावून आहेत. मी त्यांच्या रक्तविकारांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत काचपट्टीवर रक्त पसरणारा तंत्रज्ञ. पण समितीतले एकजण म्हणाले, "सुभाषराव, इतकी वर्षं तुम्ही त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसलाय. तुम्हाला माहीत नाही असं काय असणार?" खरा घोटाळा तिथंच आहे. इतकी वर्षं शेजारी बसूनही डॉक्टर मला पुरते कळलेले नाहीत. एक गोष्ट तर अशी आहे की, ती त्यांचा मोठेपणा म्हणून सांगावी की माझा गुन्हा म्हणून, हे अजून ठरत नाही. तरी ती या लेखात येणार आहे. का येणार आहे, तेही सांगतो.

पहिली भेट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. डिप्लोमा होऊन वर्ष झालं होतं, नोकरी नव्हती. हुपरीहून एसटीनं कोल्हापूरला यायचं, दवाखान्यांत अर्ज द्यायचे आणि संध्याकाळी परत जायचं, हा माझा उद्योग. डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत गेलो तेव्हा त्यांनी प्रमाणपत्रं बघितलीच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी सरकवली आणि म्हणाले, "काय दिसतंय?" मी छाती पुढं काढून आजाराचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "काय आहे ते विचारलं नाही मी. काय दिसतंय?" मी पुन्हा डोळा लावला. आता काहीच सुचेना. शेवटी म्हणालो, "जांभळे ठिपके दिसतात. काही मोठे, काही लहान. इतके का आहेत ते कळत नाही." डॉक्टर उठले, हात धुतले आणि म्हणाले, "उद्यापासून या." मी परतीच्या एसटीत बसून विचार करत होतो की नाव बरोबर सांगितलं तेव्हा नाक मुरडलं, आणि कळत नाही म्हटल्यावर नोकरी दिली. हे काय प्रकरण आहे?

पुढं हळूहळू ध्यानात आलं की डॉक्टरांच्या तोंडी 'माहीत नाही' हे शब्द फार सहज येतात. एरवी डॉक्टर लोकांना हे शब्द घशात अडकतात. कबनूरचे एक यंत्रमागवाले आईला घेऊन आले होते. आजार वाढलेला होता. त्यांनी विचारलं, "म्हातारी किती वर्षं काढंल?" डॉक्टर म्हणाले, "मला माहीत नाही." ते गृहस्थ खवळले. "एवढ्या लांब 'माहीत न्हाय' ऐकायला आलोय व्हय आम्ही?" म्हणून ताडकन उठून गेले. महिन्याभरानं तेच गृहस्थ आईला घेऊन त्याच बाकावर येऊन बसले. डॉक्टरांनी मागचा विषयही काढला नाही. चहा मागवला आणि म्हातारीच्या हाताची नाडी बघत बसले.

त्यांची माया अशी न बोलता चालायची. सीमेकडच्या गावांतून येणाऱ्या बायकांशी ते कानडीत बोलत. कमरेच्या हाडातून मगज काढायची तपासणी फार दुखते. अशा वेळी ते सुई हातात घेण्याआधी म्हातारीला "अव्वा" म्हणून काहीतरी सांगत, आणि ती रडायची थांबून चक्क हसायची. मला कानडी येत नाही. ते काय सांगतात हे मी कैकदा विचारलं. "काही नाही रे, घरच्या म्हशीची चौकशी केली," म्हणायचे. खरं खोटं त्यांना आणि म्हातारीला ठाऊक.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझे थोरले बंधू महादेवदादा हुपरीत चांदीचे पैंजण करतात. घुंगरू जोडायचं काम त्यांच्या हातचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दादा बारीक होत चालले. चार घास खाल्ले की पोट भरायचं, झोपेत घाम यायचा. मी म्हटलं, चला, रक्त बघू. काचपट्टी मीच केली. भिंगाखाली बघितलं. पांढऱ्या पेशींची नुसती जत्रा भरली होती. डॉक्टरांनी स्वतः बघितलं, दादांच्या पोटावर हात ठेवून वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, चाचपली, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हा रक्ताचा कर्करोग आहे, त्यातला सावकाश वाढणारा प्रकार, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. सावकाश म्हटल्यावर मला बरं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "बरं वाटून घेऊ नकोस. काही वर्षांनी तो सावकाश राहत नाही."

यावर इलाज म्हणून दुसऱ्याच्या हाडातला मगज घालतात, आणि भावाचा भावाला चालतो म्हणून माझं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. जुळलं नाही. सख्ख्या भावाचं रक्त भावाला का जुळू नये, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता पुस्तकं वाचूनही मनाला पटलेलं नाही. मग डॉक्टरांनी आधी कॅप्सूल देऊन पेशींचा आकडा खाली आणला आणि इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू करायचं ठरवलं. एक दिवसाआड, कातडीखाली. बाटल्या थंड ठेवायच्या. मी तोवर कोल्हापुरातच राहायला आलो होतो; दर रविवारी मी बर्फाच्या थर्मासमधून त्या हुपरीला न्यायच्या, शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि टोचायचं काम वहिनींनी करायचं. वहिनींना सुई धरायला मी शिकवलं.

औषध काय करतं, हे डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, "हे औषध रोगाला सरळ मारून टाकत नाही. त्याची वाढ रोखतं, आणि अंगातल्या राखण करणाऱ्या पेशींना जागं करतं. सुरुवातीला ताप येईल, अंग मोडून येईल. त्यासाठी आधी तापाची गोळी द्या. ताप काही दिवसांनी आपोआप कमी होईल, पण इंजेक्शन चालूच ठेवायचं. कधीपर्यंत, ते आकडा बघून ठरवू." एवढं सगळं त्यांनी सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. माझ्या डोक्यात ते बसलंही होतं.

हुपरीत गेल्यावर दादांनी विचारलं, "हे नक्की काय करतंय रं?" आता पेशी, राखण, जागं करणं हे दादांना कसं सांगायचं? मला आमच्या लहानपणीची देवीची लस आठवली. देवी टोचणारा माणूस आठवड्यानं परत यायचा आणि दंड बघायचा. ताप भरून फोड आला असेल तर लस लागली. नसेल तर पुन्हा टोचायचा. मी शहाणपणानं म्हणालो, "दादा, ही लस टोचल्यासारखंच धर. ताप आला की समजायचं, लागली." दादा जरा साशंक दिसले, म्हणून वर ठोकून दिलं, "डॉक्टरांनीच सांगितलंय असं."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो? नुसतं माझं म्हणणं दादांनी ऐकलं नसतं म्हणून. इतकंच कारण.

पहिल्या इंजेक्शनला सणसणून ताप आला. दादा गोधडीत कुडकुडत होते आणि वहिनींच्या चेहऱ्यावर समाधान. तापाची गोळी त्यांनी दिलीच नाही, कारण ताप दाबला तर लस कशी लागणार? हे मला नंतर कळलं. तीन आठवड्यांनी ताप यायचा थांबला. डॉक्टरांनी तेच होईल म्हणून सांगितलं होतं. पण हुपरीत त्याचा अर्थ वेगळा निघाला. फोड बसला, खपली पडली, काम झालं. दादांनी टोचून घेणं बंद केलं.

मला मात्र कुणी काही बोललं नाही. लगीनसराई होती, पैंजणांच्या ऑर्डरी होत्या, म्हणून दादा तपासणीला येणं पुढं ढकलत राहिले. मी दर रविवारी थर्मास घेऊन जायचो. वहिनी बाटल्या घेऊन शेजारी ठेवून यायच्या. धाकटा दीर एवढ्या लांबून आणतो, त्याला नको कसं म्हणायचं, हा त्यांचा विचार. दोन महिन्यांनी दादा आले. काचपट्टी मीच केली. पहिल्या दिवशी होती तीच जत्रा पुन्हा भरली होती. मी तीनदा मोजलं.

डॉक्टर म्हणाले, "चल, हुपरीला जाऊ." मला स्कूटरवर मागे बसवून निघाले. दादा आधीच एसटीनं घरी पोचून कामाला बसले होते. डॉक्टर सरळ शेजाऱ्यांकडे गेले आणि फ्रीज उघडायला सांगितलं. दह्याच्या पातेल्यामागे स्टीलच्या डब्यात बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पावणं, तुमच्या बाटल्यांना हात लावला न्हाय हं कुणी. जशाच्या तशा हायत." त्यांना ती अभिमानाची गोष्ट वाटत होती.

आम्ही घरात आलो. डॉक्टर दादांसमोर पोत्यावर बसले. "महादेवअण्णा, टोचून घ्यायचं का थांबवलं?"

दादा म्हणाले, "ताप यायचा बंद झाला न्हवं का. म्हंजे लस लागलीच की. परत कशाला टोचायची?"

"असं कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की. सुभाषकडनं निरोप धाडलासा, ताप आला की लागली म्हणून."

मी दारात थर्मास धरून उभा होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा क्षण. मला वाटलं, आता संपलं. डॉक्टर खोटं बोलत नाहीत हे सगळ्या कोल्हापुरात माहीत होतं. मग ते दादांकडे वळले आणि म्हणाले, "बरोबर आहे. माझंच चुकलं. मी नीट सांगायला पाहिजे होतं." आणि त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "अण्णा, आता तुम्ही सांगा, मी काय सांगितलं." दादांनी अडखळत सांगितलं. एक गोष्ट राहिली, ती डॉक्टरांनी पुन्हा सांगितली आणि पुन्हा वदवून घेतली.

डॉक्टरांच्या दवाखान्यातली ही पद्धत आज सगळ्यांना ठाऊक आहे. पेशंटनं ऐकलेलं परत सांगितल्याशिवाय ते खुर्चीवरून उठू देत नाहीत. लोक चेष्टेनं म्हणतात, हिरेकुड्यांकडे जायचं म्हणजे पाठांतराची तयारी करून जायचं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत आपापल्या गावी नेली आहे, आणि या ग्रंथातही तिचं कौतुक झालेलं असणार. ती सुरू कुठं झाली, तर हुपरीत आमच्या घरी, पोत्यावर बसून, माझ्या थापेमुळं.

परत येताना स्कूटरवर मी रडत होतो. त्यानंतर कितीतरी दिवस मी वाट बघत होतो की आता ओरडतील, आता काढून टाकतील. काहीच नाही. दुसऱ्या दिवशी काचपट्टी पुढं सरकवून नेहमीसारखं विचारलं, "काय दिसतंय?" त्या शांततेनं मला जास्त हैराण केलं.

तिकडं दादांनी ही गोष्ट गावभर केली. दादांच्या मनात किंतु नव्हता, उलट कौतुक होतं. "एवढा मोठा डाक्टर, पन चूक कबूल केली गड्यानं," असं ते सांगायचे. ऐकणाऱ्यांनी त्यातला 'चूक' एवढाच शब्द उचलला. हुपरीची काही घरं त्यानंतर दुसरीकडे जाऊ लागली. डॉक्टरांच्या कानावर ते आलं होतं.

शेवटी न राहवून मी त्यांना गाठलं. ते रोज सकाळी कळंब्याच्या तळ्यावर फिरायला जातात. तिथं बांधावर मी विचारलं, "तुम्ही असं का केलंत?" चालता चालताच ते म्हणाले, "तुझ्या भावाचा माझ्यावरचा विश्वास उडाला, तर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल. तुझ्यावरचा उडाला, तर कुठं जाईल? औषध तुझ्या हातून जायचं होतं."

मी विचारलं, "त्या वाया गेलेल्या दोन महिन्यांमुळं दादांचं काही बिघडलं का?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि तुला बरं वाटावं म्हणून 'काही बिघडलं नाही' असं मी म्हणणार नाही."

मी आजवर या दोन उत्तरांचा मेळ घालतोय. मला धीर द्यायला सुद्धा जे खोटा शब्द बोलायला तयार नव्हते, ते माझ्यासाठी दादांशी खोटं बोलले होते. यातले खरे डॉक्टर कोणते? मला अजून उलगडलेलं नाही.

पुढची काही वर्षं त्या सुयांवर निघाली. कधी आकडा ऐकायचा, कधी नाही. दादा थकायचे, उदास व्हायचे, तोंड फिरवून बसायचे. पण एकही सुई चुकली नाही. मग दोन हजारनंतर नवी गोळी आली. रोज घ्यायची, थेट त्या बिघडलेल्या पेशींवर काम करणारी. काही महिन्यांत दादांची काचपट्टी इतकी स्वच्छ दिसली की मी नाव पुन्हा तपासलं. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी खूप वेळ भिंगावरून डोळा काढलाच नाही. मग म्हणाले, "काय दिसतंय रे?" मी म्हणालो, "काहीच नाही." तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. डोळेही पुसले, ते मी बघितलं.

एवढ्यावर दादा गप्प बसतील तर ते दादा कसले. तीन-चार वर्षांपूर्वी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन दवाखान्यात हजर. ह्याच आजारावर परदेशात लस करून बघतायत, अशी बातमी होती. "डाक्टर, आता खरी लस निघाली. ती टोचा आन् गोळी बंद करा. रोज रोज कट्टाळा आलाय." मी मनात म्हटलं, पुन्हा लस आली का आमच्या मागं. आणि खरं तर मलाही कोडंच होतं. लस रोग होण्याआधी देतात. झालेल्या रोगावर लस कशी चालेल?

डॉक्टरांनी कात्रण नीट वाचलं. दादांना म्हणाले, "अण्णा, बिघडलेल्या पेशीत एक वेगळंच प्रथिन असतं, चांगल्या पेशीत नसतं. त्याचा बारीक तुकडा टोचून अंगातल्या पेशींना ओळख करून द्यायची, की हा आपला नव्हे. अशी ती कल्पना आहे. काही लोकांवर करून बघतायत, तेही बहुतेक औषध चालू ठेवून."

"चालंल का ती?"

"मला माहीत नाही."

"मग गोळी?"

"गोळी बंद करायची नाही. आता तुम्ही सांगा, मी काय सांगितलं."

दादांनी खडाखडा सांगितलं, "गोळी रोज. लस आजून न्हाय. चालंल का, ते डाक्टरला म्हाईत न्हाय." डॉक्टर म्हणाले, "पैकीच्या पैकी." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, 'माहीत नाही' हे एवढं नीट सांगता येतं, तर मी तेव्हा दादांना तेच का नाही सांगितलं? पेशी कशा जाग्या होतात हे मला समजावता येत नाही, डॉक्टरांना विचारून येतो, एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

आता हे सगळं इथं का लिहिलं, ते सांगतो. सत्काराच्या कार्यक्रमात जुने पेशंट म्हणून दादा बोलणार आहेत. मागच्या रविवारी त्यांनी मला भाषण म्हणून दाखवलं. त्यात तीच गोष्ट आहे. "एवढा मोठा डाक्टर, पन चूक कबूल केली." भरलेल्या सभागृहात दादा ते सांगणार, लोक टाळ्या वाजवणार आणि डॉक्टर मान खाली घालून हसणार, जसे ते इतकी वर्षं हसत आले आहेत. मला ते बघवणार नाही. मी तोंडानं सांगायचा प्रयत्न केला, पण दादा समोर घुंगरू जोडत होते आणि माझी जीभ उचलली नाही. म्हणून समितीला विनंती करून या लेखाची प्रत कार्यक्रमाआधी हुपरीला पाठवली आहे. डॉक्टरांना हे आवडणार नाही, हे जाणून आहे. त्यांनी झाकलेलं मी उघडं केलं. हा त्यांचा गौरव झाला की माझा अपराध, हे ठरवणं मी त्यांच्यावरच सोडतो.

डॉक्टरांची नजर भिंगावर अशीच स्थिर राहो. कळंब्याच्या तळ्याच्या त्यांच्या फेऱ्या कधी न चुकोत, आणि गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी. ज्या लशीबद्दल ते आज 'माहीत नाही' म्हणतात, तिच्याबद्दल त्यांना स्वतःच्या तोंडानं 'आता माहीत आहे' म्हणता येईल, एवढं भरपूर, निरोगी आयुष्य त्यांना मिळो, आणि त्या दिवशी शेजारच्या स्टुलावर मी असो.

आणि दादा, तू हे चष्मा लावून सावकाश वाच. तो निरोप डॉक्टरांचा नव्हता. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं होतं, मोडतोड मी केली आणि नाव त्यांचं लावलं. वाचून झालं की मला फोन कर. रागावलास तरी कर. आता तू सांग, मी काय सांगितलं.